सहा चाळीसची बस

महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये उघडते. गुरुग्राममध्ये ती वर्षभर उघडतच असते.

एप्रिलच्या सुरुवातीला नवं सत्र चालू होतं, तेव्हा उघडते. मेच्या उत्तरार्धात बंद होते आणि एक जुलैच्या आसपास परत उघडते. मग एखाद्या दुपारी आभाळ फाटतं, रस्ते पाण्याखाली जातात, शाळा लॅपटॉपवर भरते आणि पाणी ओसरलं की पुन्हा उघडते. दिवाळीला चार-पाच दिवस बंद. ती उघडून मुलांच्या डब्यातल्या चकल्या संपेपर्यंत हवेत धूर साचतो. परत लॅपटॉप, परत उघडणं. जानेवारीचा पहिला पंधरवडा थंडीचा, आणि थंडी हट्टाला पेटली तर वर मुदतवाढ. साताऱ्याजवळ गावी राहणाऱ्या माझ्या भावाला मुलांना शाळेसाठी तयार करण्याचं काम वर्षातून दोनदाच पडतं, जूनमध्ये आणि दिवाळीनंतर. आमच्याकडे ते बारमाही चालतं.

पाडगावकरांच्या बालगीतातल्या मुलाला सुट्टीसाठी भोलानाथाला साकडं घालावं लागतं. पाऊस यावा, शाळेला पाण्याचा वेढा पडावा, एवढंच बिचाऱ्याचं मागणं. गुरुग्रामच्या मुलांना इतकं लाचार व्हावं लागत नाही. इथे भोलानाथाचं खातं जिल्हा प्रशासन सांभाळतं. १ सप्टेंबर २०२५ रोजी दुपारी तीन ते सात या चार तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, हायवेवरची गाड्यांची रांग किलोमीटरमध्ये मोजायची वेळ आली, आणि प्रशासनाचा निरोप आला: उद्या शाळा ऑनलाइन, कचेऱ्यांनी घरून काम करावं. २०१६ च्या २८ जुलैला तर हीरो होंडा चौकाच्या परिसरात लोक रात्रभर गाडीतच बसून होते. त्या प्रकाराला ‘गुरुजाम’ असं नाव पडलं आणि शाळांना सुट्टी मिळाली. गुडगावचं गुरुग्राम झालं तेही त्याच वर्षी. नवं नाव इतक्या लवकर कामाला लागलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

नोव्हेंबरचा मामला अधिक शास्त्रशुद्ध आहे. हवेचा निर्देशांक ४०० च्या पुढे गेला की ग्रॅप या प्रदूषणविरोधी आराखड्याचा तिसरा टप्पा, ४५० च्या पुढे गेला की चौथा. आमचे धाकटे चिरंजीव चौथीत आहेत. सतराचा पाढा विचारला की ते पंख्याकडे बघतात. पण नोव्हेंबरात सकाळी दात घासायच्या आधी आईचा मोबाइल उघडून निर्देशांक बघतात आणि जाहीर करतात, “बाबा, चारशे अडतीस झालाय. अजून तेरा हवेत.”

“तेरा कसे? बारा,” मी म्हटलं.

“चारशे पन्नासच्या वर लागतो ना! पन्नासला शाळा असते.”

वजाबाकीत हा मुलगा कच्चा आहे, असा शाळेचा लेखी अभिप्राय आमच्याकडे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये चौथा टप्पा लागला आणि गुरुग्रामच्या शाळा ऑनलाइन करण्याचा आदेश आला, तेव्हा आमच्या सोसायटीत एकाच वेळी दोन आवाज आले. बाल्कन्यांतून मोठी माणसं खोकत होती आणि खाली मुलं ओरडत होती. भारतानं वर्ल्ड कप जिंकला तेव्हासुद्धा आमच्या टॉवरमध्ये एवढा एकोपा नव्हता.

पण या सगळ्या उघडण्यांत जड जाते ती जुलैची. पावसाच्या नाहीतर धुराच्या सुट्टीनंतर मुलं कुरकुरतात आणि जातात. जुलैत मात्र घराघरात सत्याग्रह असतो. त्याला कारण आहे. महाराष्ट्रात शाळा सुरू होताना सगळंच नवं असतं. पुस्तकं नवी, त्यांना घातलेली खाकी कव्हरं नवी, इयत्ता नवी, पाऊसही नवा. मास्तर जुने असले तरी खपून जातात. इथे हा सगळा नवेपणा एप्रिलमध्येच वापरून संपलेला असतो. वह्यांची पहिली पानं वळणदार अक्षरात लिहून झालेली, नंतरच्या पानांवर मूळ स्वभाव प्रकट झालेला, डब्याचं झाकण हरवलेलं, बाटलीचा पट्टा तुटलेला, आणि युनिट टेस्टचे मार्क घरी कळलेले. जुलैमध्ये मूल शाळेत जातं ते नव्या वर्षाची सुरुवात करायला जात नाही. अर्धवट सोडून आलेल्या भानगडी निस्तरायला जातं. ऐन जूनमध्ये तुम्हाला कोणी मार्चची इन्कम टॅक्सची फाइल उघडायला लावली तर तुमचा उत्साह किती असेल?

त्यात झोप. जूनमध्ये गुरुग्रामचा पारा ४५ च्या आसपास हिंडतो आणि दिवसभर लू वाहते. अकरा ते सहा बाहेर पाय टाकायची सोय नाही. मुलं खाली उतरतात ती साडेसातला आणि त्यांना वर आणायला गार्डची मदत लागते ती दहाला. त्यानंतर जेवण, त्यानंतर ‘फक्त एक एपिसोड’. रात्री साडेनऊला आमच्या पार्कात जेवढी गर्दी असते तेवढी संध्याकाळी सातला जुन्या गुडगावच्या सदर बाजारातही नसते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. शाळेची बस येते सहा चाळीसला. म्हणजे उठायचं पावणेसहाला. म्हणजे झोपायचं, अगदी किमान हिशेब धरला तरी, पावणेनऊला. पावणेनऊला आमच्या मजल्यावर कांदा चिरत असतात.

तर मूल शाळेला नाही म्हणतं, त्यात निम्मा वाटा निव्वळ झोपेचा असतो, हे माझं ठाम मत आहे. पण झोप ही गोष्ट फुकट मिळते आणि घरच्या घरी मिळते, त्यामुळे तिच्यावर वेबिनार होत नाही. वेबिनार ‘मोटिव्हेशन’वर होतो.

सुट्टी संपायला आठवडा उरला की शाळेकडून पीडीएफ येते. तिच्यावर हसऱ्या मुलांचं चित्र असतं. ही मुलं कुठल्या शाळेतली, याचा आमच्या बसच्या ग्रुपवर दरवर्षी शोध लागत नाही. आत सूचना असतात: पाल्याशी शाळेबद्दल सकारात्मक बोला, शाळेत परतण्याचा आनंद कुटुंबानं मिळून साजरा करा, उलटगणतीचा रंगीत तक्ता भिंतीवर लावा. त्याच सुमाराला मॉलमध्ये शाळा उघडण्याचा सेल लागतो आणि सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एक समुपदेशक बाई येतात. त्यांचं भाषण ऐकायला मुलं सोडून सगळे हजर असतात. प्रश्नोत्तरांत एका वडिलांनी विचारलं, “मॅम, मुलगा तीन वर्षांचा आहे. त्याच्यात ड्राइव्ह दिसत नाही.” बाई क्षणभर गप्प झाल्या. अनुभवी होत्या, पण माणूसच.

आम्ही तक्ता लावला. दहा, नऊ, आठ असे रंगीत आकडे. धाकट्याला तो फार आवडला. रोज एक आकडा फाडताना तो म्हणायचा, “आता इतकेच दिवस उरले!” आणि हे वाक्य तो ज्या सुरात म्हणायचा तो सूर ऐकून त्याच्या आईनं चौथ्या दिवशी तक्ता काढून टाकला.

मग सकारात्मक बोलणं आलं. ही जबाबदारी माझ्याकडे होती, कारण मी घरी असतो. “शाळेत काय धमाल असते!” मी म्हटलं. “मित्र भेटतात, खेळायला मिळतं, नवं शिकायला मिळतं.”

“मग तू ऑफिसला का नाही जात?” धाकट्यानं विचारलं.

याला उत्तर नव्हतं, कारण त्याच सकाळी मला ऑफिसची मेल आली होती. आठवड्यातून तीन दिवस सायबर सिटीत हजेरी लावावी, असं त्यात मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं. सहकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटण्याचा आनंद वेगळाच असतो. बुधवारी पिझ्झा मिळेल. नव्या खुर्च्या आल्या आहेत. मेलवर हसऱ्या माणसांचं चित्र होतं. शाळेची पीडीएफ आणि ऑफिसची मेल मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. दोन्हींमधली क्रियापदंसुद्धा तीच होती. मी त्या मेलला काय उत्तर दिलं? आईची तब्येत, पाठदुखी आणि गोल्फ कोर्स रोडचं ट्रॅफिक. धाकट्यानं शाळेसाठी दिलेली कारणं होती आजीची आठवण, पोटदुखी आणि बसमध्ये मळमळणं. रक्त बोलतं ते असं.

या शहरात लाखभर काचेच्या खिडक्यांमागे बसलेली मोठी माणसं कुठेही परत जायला नाखूश आहेत, आणि तीच संध्याकाळी घरी मुलांना परत जाण्यातली गंमत समजावतात. मुलं ऐकून घेतात हा त्यांचा चांगुलपणा. आमची थोरली आठवीत आहे. तिनं चांगुलपणा सोडून दिलाय. ती म्हणाली, “बाबा, मी जाणारे शाळेत. पण प्लीज, मला मोटिव्हेट नको करूस.”

जुलैच्या अनिच्छेचं आणखी एक मोठं कारण म्हणजे हॉलिडे होमवर्क. महाराष्ट्रातल्या वाचकांना याची कल्पना यायला थोडा वेळ लागेल. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या केंद्राच्या योजनेत राज्यांच्या जोड्या लावल्या आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला ओडिशा आला, हरियाणाच्या वाट्याला तेलंगणा. कल्पना चांगलीच आहे. देशातल्या मुलांना एकमेकांची भाषा, सण, खाणं कळावं. पण इथल्या शाळा होमवर्कला हाच विषय देतात, त्यामुळे प्रत्यक्षात जून महिन्यात गुरुग्राममध्ये घरटी एक चारमिनार उभा राहतो. साताऱ्याचा बाप, विदर्भातली आई, भाड्याचं घर हरियाणात, आणि रात्री साडेबारापर्यंत डायनिंग टेबलावर हैदराबादचं काम चालू. मूल केव्हाच झोपलेलं असतं. शाळेची अट असते की प्रकल्प टाकाऊतून टिकाऊ असावा. म्हणून आम्ही ऑनलाइन नवीन आइस्क्रीमच्या काड्या मागवतो, नवा पुठ्ठा आणतो, आणि तो टाकाऊ दिसावा म्हणून जरा चुरगळतो.

मागच्या वर्षी थोरलीला बतुकम्मा आला होता. तेलंगणातला तो फुलांचा उत्सव फार देखणा असतो. फुलं थरावर थर रचून त्यांचा मनोरा करतात आणि बायका त्याभोवती फेर धरतात. ४४ अंशांच्या उन्हात तो मनोरा फुलांचा करणं शक्य नव्हतं म्हणून क्रेप कागदाचा केला. माझ्या आईनं साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर बघितला आणि विचारलं, “अरे, भोंडल्याला अजून अवकाश आहे ना? आत्ताच काय हे?” तिला हरियाणा, तेलंगणा, योजना सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, “बरं. पण मग मुलगी काय करतेय?” मुलगी आतल्या खोलीत होती. मैत्रिणीला फोनवर सांगत होती की माझा बतुकम्मा माझ्या बाबानं तुझ्या बाबापेक्षा चांगला केलाय.

सदर बाजारातल्या एका गल्लीत हे सगळं तयार मिळतं. चारमिनार, गोवळकोंडा, पाण्याचं चक्र, सूर्यमाला. दुकानदार बघताक्षणी इयत्ता ओळखतो. “फोर्थ क्लास? चारमिनार या वॉटर सायकल?” आणि घासाघीस केलीत तर शांतपणे सांगतो, “सर, तीस जून को आओगे तो डबल लगेगा.”

आता साताऱ्याची गोष्ट सांगतो, कारण या सगळ्या विषयावर माझं मत बनलं ते तिथे. दर मे-जूनमध्ये आम्ही निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेसनं साताऱ्याला जातो. जूनच्या मध्यावर महाराष्ट्रातल्या शाळा सुरू होतात आणि आमच्या मुलांची अजून पंधरा दिवस सुट्टी उरलेली असते. हा काळ त्यांच्या आयुष्यातला सर्वोच्च वैभवाचा. चुलत भावंडं रेनकोट चढवून निघतात आणि आमची मुलं ओट्यावर बसून आंबा चोखत त्यांना निरोप देतात. पण पहिल्याच दिवशी हे वैभव दहा वाजेपर्यंत टिकलं. भावंडं गेल्यावर ओटा मोकळा, झाडाखालचा खेळ मोडलेला, आजी स्वयंपाकात. धाकटा तासभर कोंबड्यांच्या मागे फिरला आणि मग येऊन म्हणाला, “मी पण जाऊ दादाबरोबर शाळेत?”

दुसऱ्या दिवशी गेला. गावची जिल्हा परिषदेची शाळा. पाहुण्या पोरानं मामे-चुलत भावंडांबरोबर वर्गात बसणं हे आपल्याकडे कुणाला खटकत नाही. शाळेत प्रवेशोत्सव चालू होता. पहिलीच्या मुलांना ट्रॅक्टरमधून मिरवत आणलं होतं, दाराला तोरण, नव्या मुलांना फूल, सगळ्यांना पुस्तकं. बाईंनी यालाही एक फूल दिलं. दुपारी खिचडी खाल्ली. घरी दोन पोळ्यांवर नाक मुरडणारा हा मुलगा खिचडी दुसऱ्यांदा मागून आला होता. संध्याकाळी चिखलानं भरलेला, एक बूट हातात, आणि पहिला प्रश्न: “उद्या पण आहे ना?”

मला क्षणभर वाटलं, ट्रॅक्टरचा परिणाम. गुरुग्राममध्ये ट्रॅक्टर मिळायला अडचण नाही. पण पुढच्या दिवशी ट्रॅक्टर नव्हता, फूल नव्हतं, भागाकार होता. तरीही तो गेला. त्याच्या पुढच्या दिवशी दादाला ताप आला. दादा घरी राहिला, आणि आमचा मुलगाही राहिला. “मग मी एकटा कशाला जाऊ?” असं म्हणाला. प्रेरणेबद्दल जेवढं म्हणून सांगण्यासारखं आहे ते त्या एका प्रश्नात आलं. पीडीएफला त्यासाठी चौदा पानं लागली होती आणि तरी ते राहूनच गेलं.

आपल्याकडे हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. माझे आजोबा सांगायचे, शाळा बुडवणाऱ्या पोराला आणायला मास्तर चार दांडगी पोरं पाठवायचे आणि ती त्याला हातपाय धरून उचलून न्यायची. ते पोर वाटेत लाथा झाडायचं आणि शाळेत पोहोचेपर्यंत हसायला लागायचं, असं आजोबांचं म्हणणं. त्यांना स्वतःला किती वेळा उचललं होतं हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण तपशील फार बारीक असायचे.

याच्या अगदी उलट्या टोकाला ताराबाई मोडक. १९४५ मध्ये त्या डहाणूजवळ बोर्डीला बालशिक्षणाचं काम करायला गेल्या. पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, अनुताई वाघ सोबत होत्या. तिथली आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. आळशी होती म्हणून नव्हे. मोठी मुलं गुरं राखायची, मधली धाकट्यांना कडेवर घेऊन हिंडायची. ताराबाईंनी मुलांना शाळेची गोडी कशी लावावी यावर पत्रक काढलं नाही. शाळाच उचलली आणि मुलं होती तिथे नेली. वस्तीच्या अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरं चरत होती त्या कुरणात भरली ती कुरणशाळा. आज देशभर ज्या अंगणवाड्या आहेत त्यांचं नाव तिथून आलं. मूल का येत नाही, हे आधी बघितलं आणि मग उपाय केला. इतकी साधी गोष्ट करायला १९४५ सालीही धाडसच लागलं असणार.

गुरुग्राममध्येही शाळा मुलांपर्यंत येते, लॅपटॉपमधून. तिला कुरणशाळा म्हणावं का, यावर मी विचार केला. गुरं नसतात, पण चरणं अखंड चालू असतं. कॅमेरा बंद, माइक बंद, आणि गणिताच्या तासाला कुरमुऱ्यांचा आवाज.

ज्यांच्या नावानं हे गाव आहे ते गुरुजीही मुलांच्या शिकायच्या हौसेच्या बाबतीत मार्गदर्शक ठरतात. आख्यायिका अशी की हे गाव द्रोणाचार्यांना गुरुदक्षिणेत मिळालं. त्यांच्या नावाचं मेट्रो स्टेशन आहे. रोज हजारो लोक तिथे उतरतात आणि कुणीही धनुष्य घेऊन उतरत नाही. महाभारतात या गुरुजींची एक युक्ती सांगितली आहे. शिष्यांना पाणी भरायला पाठवताना ते इतरांना अरुंद तोंडाचे कमंडलू देत आणि आपल्या अश्वत्थाम्याला रुंद तोंडाचं भांडं. त्याचं भांडं लवकर भरे, तो लवकर परते आणि बाकीचे येईपर्यंत त्याला जास्तीची विद्या मिळे. गुरुग्रामच्या पालकांनी ही कथा वाचली असो वा नसो, रुंद तोंडाच्या भांड्याचा शोध इथे पहिलीपासून चालू असतो: रोबोटिक्स, अबॅकस, ऑलिंपियाड. अर्जुनानं ती चलाखी ओळखली, वारुणास्त्रानं कमंडलू भरला आणि अश्वत्थाम्याबरोबरच परतू लागला. म्हणजे शिकायची हौस त्याला होतीच. अश्वत्थाम्याला होती का, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. वडिलांची इच्छा होती एवढंच कळतं.

आणि या गुरुजींच्या गोष्टीतला सगळ्यांत मन लावून शिकलेला मुलगा वर्गात नव्हताच. त्याला प्रवेश नाकारला होता. गुरुग्राममध्येच खांडसा गावात एकलव्याचं देऊळ आहे. नर्सरीच्या प्रवेशासाठी रांगा लावणाऱ्या शहरानं ते देऊळ एकदा बघून यावं.

तर धाकट्यानं साताऱ्यात काढलेला मुद्दा सोबत्यांचा. इथल्या शाळांत दर एप्रिलला ‘सेक्शन शफल’ नावाचा प्रकार होतो. अ, ब, क, ड सगळ्या तुकड्या पत्त्यांप्रमाणे पिसतात, मुलांना सगळ्यांशी मैत्री करता यावी म्हणून. हेतूला नाव ठेवता येत नाही. पण यादी लागते त्या संध्याकाळी सोसायटीत सुतकी वातावरण असतं. वर्षभर जमवलेला डब्याचा गट चार तुकड्यांत विखुरतो. आणि यातून जे उरतं ते कंपन्या पिसतात. गुरुग्राममध्ये कोणी कायमचं राहत नाही. आई-वडिलांची बदली होते, आणि बदल्या शक्यतो सुट्टीत केल्या जातात, मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून. परिणामी जुलैमध्ये वर्गात एकदम बाकं रिकामी होतात. बंगळूर, हैदराबाद, सिंगापूर.

थोरलीची जिवलग मैत्रीण जूनमध्ये सिंगापूरला गेली. शाळेला निघताना थोरली तोंडानं काही बोलत नव्हती, पण बुटाची नाडी बांधायला अर्धा तास लावत होती. आम्ही घरात तिच्या अभ्यासाबद्दल, मोबाइलबद्दल, वयाबद्दल बरीच चर्चा केली. त्यात तिच्या वर्गातल्या रिकाम्या जागेचा विषय निघाला तो फार उशिरा, आणि तोही स्वयंपाकाच्या मावशींनी काढला. “दीदी की सहेली चली गई ना,” त्या कणीक मळता मळता म्हणाल्या. आम्ही दोघं उच्चशिक्षित.

तिचा प्रश्न आम्ही सोडवला नाही. जुलैमध्ये वर्गात अशा सुट्या पडलेल्या मुली दोन-तीन असतातच. त्यातली एक बसमध्ये तिच्या शेजारी बसायला लागली. दोघींचं गणिताच्या सरांबद्दल एकच मत होतं आणि ते वाईट होतं. मैत्रीला यापेक्षा भक्कम पाया मी पाहिलेला नाही. आता सहा तीसलाच थोरली दारात उभी असते आणि मी पाण्याची बाटली शोधत असतो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. सोमवारची पोटदुखी सगळ्या घरांत असते; ती दहा वाजता थांबते आणि तिला पराठा चालतो. पण आठवडे लोटले, पोट रोज दुखतंय, रविवारी संध्याकाळपासून मूल गप्प होतंय, तर ते नाटक नसतं. बसमध्ये कुणी मोठा मुलगा डबा हिसकावत असेल, वर्गात कुणी नावं ठेवत असेल, बाईंनी चारचौघांत काही लागेलसं म्हटलं असेल. अशा मुलाला शाळेची गंमत सांगणं म्हणजे त्याचं ऐकायचं नाही असं सांगणं. तिथे तक्ते बाजूला ठेवून शेजारी बसावं, वर्गशिक्षिकेला भेटावं, गरज पडली तर डॉक्टरांना. तेवढं एक सोडलं तर बाकीच्यात आपण जितकी कमी लुडबुड करू तितकं बरं.

तेव्हा यंदा जूनचा मध्य आला की माझ्या गुरुग्रामकर मंडळींना एवढीच विनंती. झोपायची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणा, म्हणजे एक जुलैला पावणेसहाचा गजर लावला तर घरात दंगल होणार नाही. दप्तर मुलालाच भरू द्या. एखादं पुस्तक राहील, राहू द्या. वर्गातला एखादा मित्र गावाहून परतला असेल तर त्याला दुपारी घरी बोलवा, दोघांना खोलीत सोडा आणि दार लावून घ्या. वेबिनारला जाऊ नका. आणि चारमिनार सदर बाजारातून आणणार असाल तर वीस जूनच्या आत आणा, नंतर खरंच दुप्पट लागतात.